तबकडी आणि वरठीची चौकशी

कोणाच्या शब्दावर माझा लवकर विश्वास बसत नाही. बायको याला हेकटपणा म्हणते, मी धंदा म्हणतो. भंडाऱ्यात आमचं कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, कापडाचं दुकान आहे. बापाच्या काळी घरात मागही होते. एखादा दलाल गादीवर ठाण मांडून म्हणतो, "शेठ, अस्सल कोसा आहे, पोरांची शपथ!" मी म्हणतो, पोरं राहू दे बाबा घरी. मग पदराच्या कडेचा एक धागा ओढतो आणि काडी लावतो. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली, म्हणजे कोसा. वितळून गोळी झाली, म्हणजे उचल तुझं गाठोडं.

हीच काडी मी जगातल्या बाकी गोष्टींनाही लावत आलो. हवेतून अंगारा काढणाऱ्या बाबाला मी आधी बाह्या वर करायला सांगितलं होतं, तर तो निघूनच गेला. कारध्याच्या पुलावर पांढऱ्या साडीतली बाई दिसते अशी एकदा बोंब उठली. मी मुद्दाम जाऊन बसलो. डासांशिवाय कोणी भेटलं नाही. त्यामुळे नात्यात माझा असा लौकिक झाला की मामानं तपासलं म्हणजे चोख.

धाकटी बहीण साकोलीला दिली आहे. तिचे यजमान एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. मी त्यांना जवाईबापू म्हणतो. माणूस सरळ. पण निवृत्त झाल्यापासून त्यांना मोबाइलचा नाद लागला आणि त्यातही उडत्या तबकड्यांचा. परग्रहावरचे लोक कुठं उतरले, कोणत्या सरकारनं त्यांना कुठं दडवलं, याची सगळी खबरबात जवाईबापूंकडे. साकोलीच्या स्टँडवरची गाडी कधी लागणार हे सांगता येणार नाही, पण तबकडी विचारा!

त्यांना एकच मुलगी. औषधांच्या दुकानात कामाला आहे, हुशार आहे, तिला एकतिसावं लागलं होतं. दोन स्थळं जुळता जुळता मोडली. माझ्या बहिणीनं त्याचा इतका धसका घेतला की दारात कोणी पाहुणा दिसला तरी तिचा चेहरा उजळायचा. मग भंडाऱ्याजवळच्या वरठीचं स्थळ आलं. पोरगा कारखान्यात कामाला, एकुलता एक, ना भाऊ ना बहीण, घरचं बांधलेलं घर. चौकशीला अर्थातच मला पाठवलं. मी गेलो, मोहल्ल्यात फिरलो, पाच-सात जणांशी बोललो आणि येऊन सांगितलं, चांगलं आहे. भाचीनं फक्त एवढंच विचारलं, "मामा, तुम्ही स्वतः पाहिलं ना? तुम्ही हो म्हणता तं माझं हो." आणि साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, ठरला.

साक्षगंधाच्या आदल्या रविवारी मी साकोलीला गेलो. भाची दुकानात होती. जेवण झालं, बहीण भांडी आवरायला लागली आणि जवाईबापूंनी मोबाइल टीव्हीला जोडला. "भाऊ, आज तुमचं तोंड बंद होते पाहा. आज पुरावा आहे." मी म्हटलं, लावा.

माहितीपट अमेरिकेचा होता, हिंदीत बोललेला. आवाज देणारा माणूस असा घोगऱ्या आवाजात बोलत होता की नुसतं "मौसम साफ था" म्हटलं तरी माणसाच्या अंगावर काटा यावा. सांगणं एवढंच: आकाशातून तबकड्या येतात, कधी पडतात, सरकार त्या उचलून नेतं आणि ज्यांनी पाहिलं त्यांची तोंडं बंद करतं. मग चित्रं सुरू झाली. काळ्या आभाळात एक पांढरा ठिपका. ठिपका हलतो. ठिपका जातो.

"पाहा, पाहा!" जवाईबापू.

"काय पाहू? ठिपका?"

"वेग पाहा ना त्याचा!"

मी म्हटलं, "जवाईबापू, आता शेंबड्या पोराच्या हातातल्या मोबाइलमध्ये मुंगीच्या मिश्या दिसतात. आणि एवढी मोठी तबकडी दिसली की साऱ्या जगाचा कॅमेरा काहून आंधळा होते?"

बहीण आतून हसली. जवाईबापूंनी माझ्याकडं अशी नजर टाकली, विनातिकीट प्रवाशाकडं टाकतात तशी.

मग कागद दाखवले. सरकारी कागद, त्यातल्या ओळीच्या ओळी काळ्या केलेल्या. "आता हे काय आहे? काहीच नसतं तं काळं कायले केलं?" हा प्रश्न बरा होता, ते मी कबूल केलं. पण मी म्हटलं, काळ्या पट्टीखाली काही आहे एवढंच त्यातून कळतं. तिथं तबकडी आहे हे तुम्ही घालता. कदाचित कोणाच्या भत्त्याचं बिल असेल.

त्यानंतर साक्षीदार आले. निवृत्त अधिकारी, कोणी सैनिक, कोणी रडारवाला. एकामागून एक खुर्चीत बसायचे आणि जवळपास तेच वाक्य बोलायचे: ते आपल्या जगातलं नव्हतं. मी जवाईबापूंना टीव्ही थांबवायला लावला. "ऐकलं? पाची जणांचं वाक्य एकच. खरं पाहिलेली माणसं कधी एकसारखं बोलत नाहीत. रस्त्यावर दोन मोटारसायकली भिडल्या तरी चार लोक चार गोष्टी सांगतात. एकच वाक्य म्हणजे पढवलेली पोपटपंची." आणि दुसरं माझं नेहमीचं: "एवढ्या लोकांना माहीत असलेली गोष्ट लपतच नाही. कोणी बायकोजवळ बोलेल, कोणी दारू पिऊन बरळेल. हजार लोकांचं तोंड कोण शिवणार?"

जवाईबापूंनी पुन्हा सुरू केलं. शेवटी शेवटी एक म्हातारा वैमानिक आला. त्यानं तबकडीचं नावही घेतलं नाही. म्हणाला, मला कोणी धमकावलं नाही, कुठं सही घेतली नाही. मी खाली उतरलो, बघितलं की बाकी कोणी काही बोलत नाहीये, म्हणून मीही बोललो नाही. बस.

साऱ्या माहितीपटात हा एकच माणूस मला खरा वाटला. त्यानं आभाळात काय पाहिलं ते मला पटलं नाही, पण जमिनीवरचं जे सांगितलं ते पटलं. मी तसं बोललोही. जवाईबापू म्हणाले, "तेच तं सांगून राहिलो भाऊ. सरकार लोकायले येडं समजते. ज्याचं जे हक्काचं माहीत व्हायले पाह्यजे ते लपवते. हा अन्याय नाही काय?" त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं होतं. मी म्हटलं, अन्याय आहे, पण तबकडी नाही. यावर चहा झाला आणि मी निघालो.

बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. जिंकल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. पाची जणांचं वाक्य एकच, हा मुद्दा मी मनात पुन्हा घोळवून पाहिला आणि स्वतःवरच खूश झालो. आणि लाखनी यायच्या आत तोच मुद्दा माझ्यावर उलटला. वरठीच्या मोहल्ल्यात मला सगळ्यांनी काय सांगितलं होतं? पानवाला म्हणाला, पोरगा कामाचा आहे. किराणावाला म्हणाला, पोरगा कामाचा आहे. समोरची म्हातारी, शेजारचा मास्तर, पोरगा कामाचा आहे. झालं. त्यापुढं कोणी एक शब्द नाही.

आता आमच्या मोहल्ल्यात कोणाही पोराबद्दल विचारा. चांगला आहे, पण गाडी लय जोरात चालवतो. चांगला आहे, पण बाप कंजूस. आमच्याकडं 'पण' लागल्याशिवाय कोणाची तारीफ पूर्ण होत नाही. आणि वरठीत माझ्या भाचीचा होणारा नवरा असा धुतल्या तांदळासारखा की त्याच्याबद्दल एकाही शेजाऱ्याची एकही तक्रार नाही! रुपयाच्या धाग्याला काडी लावणारा मी, आणि पोरीच्या जन्माचा प्रश्न होता तिथं पानवाल्याच्या शब्दावर उठून आलो. शाबास रे शहाण्या!

मंगळवारी दुकान नोकरावर टाकलं आणि स्कूटर काढून वरठीला गेलो. पुन्हा तेच विचारलं तर पुन्हा तेच ऐकायला मिळणार हे उघड होतं. म्हणून पोराबद्दल काहीच विचारायचं नाही असं ठरवलं. त्याच गल्लीच्या तोंडाशी एक बिछायतवाला आहे. मांडव, खुर्च्या, भांडी भाड्यानं देतो. त्याच्याकडं जाऊन बसलो. म्हटलं, मी पोरीचा मामा. लग्नानंतर स्वागताचं जेवण पोराच्या दारी ठेवायचं म्हणतात. गल्ली अरुंद दिसते, आमची माणसं मावतील का?

धंद्याचं विचारलं की माणूस खुलतो. तो खुर्ची पुढं ओढून म्हणाला, "काही फिकीर नका करू भाऊ. मागल्या टायमाले त्यायच्या घरापासून थेट हातपंपापर्यंत मांडव घातला होता. डीजे तिकडं चौकात. सारा मोहल्ला जेवून गेला, कोणी उभं नाही राह्यलं."

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मागल्या टायमाले कोणाचं लग्न होतं?"

त्या घरात तर एकच लेकरू, दुसरं लग्न होणार कोणाचं? बिछायतवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. हातातल्या हिशेबाच्या पेनाची उघडझाप करत तो म्हणाला, "भाऊ, माह्यं नाव नका घेऊ."

पोराचं एक लग्न झालं होतं. पोरगी बालाघाटकडची. वर्ष पुरं व्हायच्या आत ती माहेरी गेली ती आलीच नाही. काहून गेली? त्याला माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. "भांडण व्हायचे. आवाज यायचा. आता कोणाच्या घरात नाही होत भाऊ?"

"आणि मी इथं येऊन विचारून गेलो, तं एकही जण बोलला नाही?"

"कोण बोलन? कोणाच्या लग्नात बिब्बा कायले घालायचा? पाप लागते."

"तुम्हाले कोणी सांगितलं होतं काय, की बोलू नका म्हणून?"

"नाही बाप्पा! कोण सांगणार? कोणीच नाही बोलत, म्हणून मी बी नाही बोललो."

तिकडं अमेरिकेचं सरकार म्हणे तबकडी लपवतं. या लोकांनी डीजे लावलेलं, हातपंपापर्यंत मांडव घातलेलं, पंगती उठवलेलं एक अख्खं लग्न लपवलं होतं. त्यासाठी ना सही लागली, ना धमकी. मला इतका राग आला की स्कूटरची किल्ली लागेना. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. भाची म्हणाली होती, तुम्ही हो म्हणता तं माझं हो.

भंडाऱ्याच्या स्टँडवर स्कूटर लावली आणि मिळेल त्या बसनं साकोली गाठली. दुपार उलटली होती. भाची अजून दुकानातून यायची होती. बरं झालं, असं मला वाटलं. आधी आईबापाच्या कानावर घालावं. मी उंबऱ्यातूनच सुरू केलं. पहिलं लग्न, बालाघाटची पोरगी, मांडव, सगळं एका दमात.

बहिणीनं जवाईबापूंकडं पाहिलं. जवाईबापूंनी तिच्याकडं. मग बहीण उठली आणि तिनं रस्त्यावरचं दार लावून घेतलं. "दादा, हळू बोल."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हटलं, "तुम्हाले माहीत होतं."

"पहिल्याच बैठकीत सांगितलं त्यायनं," जवाईबापू म्हणाले. "लपवलं नाही आमच्यापासून. इमानदार लोक आहेत. कोर्टातून सारं सुटलं आहे. फक्त म्हणे, पोरीले आताच नका सांगू, उगाच मनात घेईन. लग्न झाल्यावर पोरगा स्वतः समजावून सांगीन."

"आणि मग मले चौकशीले कायले पाठवलं?"

उत्तर बहिणीनं दिलं, खाली बघत. "तुह्या शब्दावर तिचा भरवसा आहे दादा. तू पाहून आला म्हटलं की ती मानते."

म्हणजे मी चौकशी करायला गेलोच नव्हतो. मी शिक्का होतो. मामानं तपासलं म्हणजे चोख. एवढी वर्षं बाबा-बुवांच्या बाह्या वर करत आलो आणि माझ्याच बहिणीनं मला हातोहात वापरलं. मी जवाईबापूंवर उसळलो. "परवा इथं बसून डोळ्यात पाणी आणून म्हणत होते ना, हक्काचं माहीत व्हायले पाह्यजे ते लपवते म्हणून? अन्याय आहे म्हणून?"

"सरकारची गोष्ट वेगळी," ते म्हणाले. "मी बाप आहो. बाप पोरीचं वाईट करायले लपवते काय?"

"सरकारही असंच म्हणत असेल."

बहीण रडायला लागली. "दोन स्थळं मोडली. लोक माह्या तोंडावर विचारतात, अजून तुमच्या घरीच काय पोरगी? आम्ही किती दिवसाचे? पोरगा कमावता आहे, घर आहे. एक डाव चुकलं असन त्याचं. दादा, तुले काही करायचं नाही. तू नुसता चूप राय. चूप राहायले काय लागते?"

मी चूप राहिलो. ती माझी धाकटी बहीण, आणि तिला रडताना मला कधी बघवलं नाही. तिनं चहा टाकला, मी तो प्यालो. रविवारी साक्षगंध होईल, मी मामा म्हणून पाटावर बसेन, लोक माझं कौतुक करतील, असं सगळं डोळ्यांसमोर येत होतं आणि ते फारसं अवघड दिसत नव्हतं. त्याचीच मला लाज वाटली.

बाहेर स्कूटी थांबली. भाची आत आली, ओढणी सोडता सोडता म्हणाली, "मामा! आज कसे काय मधातच?"

बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. मी भाचीला म्हटलं, "बस. वरठीबद्दल मी तुले जे सांगितलं ते चुकीचं होतं." आणि जे कळलं होतं ते सगळं सांगितलं. तुझ्या आईबापाला आधीपासून माहीत होतं, हेही.

मला वाटलं ती ओरडेल, रडेल. ती हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "तिचं नाव काय?"

"कोणाचं?"

"जी गेली तिचं."

मी जवाईबापूंकडं पाहिलं, त्यांनी बहिणीकडं. आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

"तुम्ही पानवाल्याले विचारलं मामा, मांडववाल्याले विचारलं. बाबांनी पोराच्या बापाचं ऐकलं," भाची म्हणाली. "त्या घरात जाऊन, राहून आली ती एकटीच. तिले कोणी विचारलं काय, का सोडून आली म्हणून?"

माझ्यासारख्या पुरावा पुरावा करणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं, याचा मला आजही संताप येतो.

तिनं मोबाइल काढला, त्या पोराला लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला. नेहमीच्या आवाजात म्हणाली, "एक विचारायचं होतं. तुमचं आधी लग्न झालं होतं काय?"

"माझं?" पलीकडून हसू आलं. "कोणी भरवलं तुझ्या डोक्यात? लोकांचं काय, लोक काहीही बोलतात. असं काहीच नाही."

भाचीनं फोनकडं पाहिलंच नाही. ती बापाकडं बघत होती. जवाईबापूंचा चेहरा पार उतरला होता. इमानदार लोक आहेत, हे त्यांनी थोड्या वेळापूर्वीच सांगितलं होतं. ते उठले. मला वाटलं बाहेर जातात. पण त्यांनी पोरीच्या हातातून फोन घेतला आणि तोंडाजवळ धरला.

"मी पोरीचा बाप बोलून राहिलो. तुमच्या बाबानं मले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मीच माह्या पोरीले सांगितलं नाही. आता सारे इथंच बसून आहो. त्या पोरीचं नाव सांगा, तिच्या घरचा नंबर द्या. माही पोरगी तिच्याशी बोलन. ते जमत नसन तं रविवारी येऊ नका."

पलीकडून फोन कट झाला.

भाची तेव्हा रडली, बापाचा हात धरून. रविवारी वरठीहून कोणी आलं नाही.